महापालिकेच्या आधी वसलेलं शहर : नवी मुंबईतल्या चालू कामांची पार्श्वभूमी

नवी मुंबई महापालिकेच्या चालू कामांकडे नजर टाकली तर त्यातलं मोठं काम क्वचितच तिचं एकटीचं निघतं. घणसोली-ऐरोली जोडरस्त्याचा निम्मा खर्च सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, वाट्याचा. प्रक्रिया केलेलं सांडपाणी जातं एमआयडीसीच्या कारखान्यांना. पिण्याचं पाणी येतं रायगड जिल्ह्यातल्या धरणातून, आणि वाटेत ते पनवेलच्या हद्दीतल्या नळांनाही जातं. विसर्जनाचे तलाव गावांचे आहेत, शहराच्या नव्या रस्त्याचा बोगदा एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. एवढ्या जणांचा हात प्रत्येक कामात का, हे कळायला साठ वर्षं मागे जावं लागतं, कारण हे शहर महापालिकेच्या कितीतरी आधी वसलं.

१९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. उत्तरेकडे लांबत चाललेल्या मुंबईला पूर्वेकडे वळवायचं, हा त्यामागचा विचार. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, एवढा पसारा तिच्याकडे सोपवला गेला. सरकारने जमीन संपादित करायची, सिडकोने ती विकसित करून भूखंड विकायचे आणि त्याच पैशातून रस्ते, गटारं, शाळा, स्टेशनं उभी करायची, असं हे गणित होतं. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये झाला आणि शहराचा पाया पडला. या सगळ्यात लोकांनी निवडून दिलेली नगरपालिका कुठेच नव्हती. शहर आखणारी, बांधणारी आणि चालवणारीही एकच कंपनी होती.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांवर मात्र सिडकोच्या आधीच एक संपादन येऊन गेलं होतं. १९६०च्या दशकात एमआयडीसीने रस्त्याच्या पूर्वेकडची जमीन ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहतीसाठी घेतली. नंतर पश्चिमेकडची शेतं, मिठागरं आणि खाडीकाठ सिडकोकडे गेला. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या आगरी-कोळी गावांच्या हाती उरलं ते गावठाण. उरण-पनवेलच्या बाजूला हाच राग जानेवारी १९८४ मध्ये रस्त्यावर आला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. त्यातूनही पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात, म्हणून हाती पडतात पावणेनऊ. देशातल्या भूसंपादनाच्या चर्चेत या योजनेचं नाव आजही घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं, कारण ती कुणी उदारपणे दिलेली नव्हती, लोकांनी जीव देऊन मिळवली होती. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या या मागणीसाठी २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र सिडकोवर चालून गेले, त्यामागे हीच आठवण होती.

कागदावर गावठाणाची हद्द तीच राहिली, कुटुंबं मात्र वाढली. मग मुलाच्या लग्नासाठी एक मजला, भाड्याच्या उत्पन्नासाठी आणखी दोन, अशी 'गरजेपोटी बांधलेली घरं' उभी राहिली. आज घणसोलीत सेक्टरचा रुंद रस्ता सोडून गावात शिरलं की दहा पावलांत चित्र बदलतं. एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी गल्ली, दोन्ही बाजूंना चार-चार मजली घरं, भिंतींवरून चढत गेलेले पाण्याचे पाइप, आणि खाली गटारावरच्या लाद्यांवर लावलेल्या दुचाकी. या गल्लीत आगीचा बंब न्यायचा कसा, मलवाहिनी टाकायची कुठून, कर कोणत्या नोंदीवर लावायचा, हे प्रश्न महापालिकेला तयारच मिळाले.

महापालिका कारभार पाहू लागली १ जानेवारी १९९२ पासून आणि पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. थेट महापालिका जन्माला आली. आधी ग्रामपंचायती होत्या, मधली नगरपालिकेची पायरी आलीच नाही. तिच्याकडे दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरुळ, बेलापूर हा ठाणे जिल्ह्यातला भाग आला. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल सिडकोकडेच राहिले आणि २०१६ साली पनवेल महापालिका झाल्यावर तिच्या हद्दीत गेले. नवी मुंबई म्हणून लोक ज्याला ओळखतात त्याचे असे दोन महापालिकांत दोन भाग आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही.

सिडकोने बांधलेले नोड, म्हणजे वाशी-नेरुळसारखे शहराचे विभाग, महापालिकेकडे आले तेही एकगठ्ठा नाही. आधी वाशीसारखे जुने, घणसोली सगळ्यात उशिरा. हस्तांतरण हा शब्द या शहरात तीन दशकं रोजच्या वापरात आहे. उद्यान हस्तांतरित झालं का, समाजमंदिर झालं का, मैदानाचा ताबा कुणाकडे, यावर सभागृहात जितका वेळ गेला तितका क्वचितच दुसऱ्या विषयावर गेला असेल. मोकळ्या भूखंडांची मालकी सिडकोकडेच राहिली. महापालिकेने २०२२ मध्ये आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा हा जुना पेच उघड्यावर आला. महापालिका ज्या भूखंडावर शाळा, मैदान, रुग्णालयाचं आरक्षण टाकू पाहत होती, तो सिडकोच्या लेखी विक्रीचा भूखंड होता. माझ्या मते या शहराचा सगळ्यात मोठा अनुत्तरित प्रश्न हाच आहे. पुढच्या पिढीच्या मैदानांसाठी लागणारी जमीन मतदारांना उत्तरदायी असलेल्या संस्थेच्या हाती नसेल, तर बाकीच्या सुशोभीकरणाचा उपयोग मर्यादित राहतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र महापालिकेने वेळेवर आणि धाडसाने पाऊल उचललं. सुरुवातीला शहर एमआयडीसीच्या आणि इतरांच्या पाण्यावर चालायचं. २००२ मध्ये महापालिकेने खालापूर तालुक्यात धावरी नदीवर असलेलं मोरबे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. राज्यात स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका मोजक्याच आहेत. पूर्ण संचय पातळी ८८ मीटर, साठवण सुमारे १९० दशलक्ष घनमीटर, भोकरपाड्याला दररोज ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं जलशुद्धीकरण केंद्र. पावसाळ्यात पातळी ८८ च्या जवळ आली की शहरातल्या लोकांच्या फोनवर आकडे फिरू लागतात आणि धरण भरलं की जलपूजन होतं.

या श्रेयात खालापूरच्या विस्थापितांचा वाटा पहिला आहे. धरणाखाली ज्यांची जमीन गेली त्यांनी पुनर्वसनासाठी पुढे वर्षानुवर्षं आंदोलनं केली. जलवाहिनी ज्या भागातून येते तिथल्या गावांना आणि कामोठे, खारघरच्या काही भागाला हेच पाणी दिलं जातं. महानगरात इतरत्र पाण्यावरून शेजारी महापालिका एकमेकींकडे बोट दाखवत असताना इथे एक महापालिका दुसरीच्या नागरिकांना पाणी पुरवते, हे सहकार्य कुठल्या करारपत्राच्या समारंभाशिवाय रोज चालू आहे.

पाणी आणणं जितकं अवघड, तितकंच ते बाहेर काढणं. शहराचा बराचसा भाग खाडीत भर घालून केलेला आहे आणि भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सिडकोने त्यासाठी नेदरलँड्सच्या धर्तीवर धारण तलाव आखले. पावसाचं पाणी नाल्यांतून या तलावात जमतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला लोखंडी झडपा असतात. भरती आली की खाडीचंच पाणी झडप बाहेरून दाबून बंद ठेवतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते आणि तलाव आपोआप रिकामा होतो. वीज नाही, पंप नाही, फक्त चंद्राचं वेळापत्रक. वाशीच्या मिनी सीशोअरवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसतं की समोरचं ते पाणी म्हणजे त्यांच्या सेक्टरला बुडण्यापासून वाचवणारी यंत्रणा आहे.

अडचण अशी झाली की या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला आणि गाळावर कांदळवन उगवलं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, ते असलंच पाहिजे. पण त्यामुळे गाळ काढायचा तर न्यायालयाची आणि किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते. दरवर्षी जूनमध्ये उपसा पंप बसवावे लागतात ते यामुळे. घणसोली-ऐरोली जोडरस्ताही याच कारणाने वर्षानुवर्षं रखडला. बेलापूरहून वाशीकडे जाणारा पाम बीच रस्ता पुढे ऐरोलीपर्यंत नेण्याची जुनी योजना घणसोलीच्या कांदळवनापाशी थांबली होती. आता तो तुकडा खाडीवरच्या पुलाने जोडायचा आहे, आणि ऐरोलीला तो ऐरोली-काटई मार्गाला मिळाला की पारसिक डोंगरातल्या बोगद्यातून कल्याण-डोंबिवलीची वाहतूक ठाण्याला वळसा न घालता येईल.

बाकीच्या भागीदाऱ्या थोडक्यात. मानखुर्द-वाशी लोकल ९ मे १९९२ ला सुरू झाली ती सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के खर्च उचलला म्हणून. उरणच्या मार्गालाही तेच सूत्र लावलं. महापालिकेची एनएमएमटी बससेवा १९९६ पासून मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पनवेल, उरणपर्यंत धावते आणि स्वतःच्या हद्दीबाहेरच्या प्रवाशांचा भार स्वतःच्या तिजोरीवर घेते. कोपरखैरणे आणि ऐरोलीत दररोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटर सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना विकायचं, ही योजना मला सगळ्यात दूरदृष्टीची वाटते. पिण्याचं तेवढं पाणी वाचतं.

सण-उत्सवांतही ही सरमिसळ दिसते. सेक्टरांमध्ये साताऱ्याचे, कोकणातले, विदर्भातले, केरळचे, पंजाबचे लोक राहायला आले. गावांत गावदेवीची जत्रा आणि सारसोळे, दिवा कोळीवाड्याची नारळी पौर्णिमा आधीपासून होतीच. गणपती विसर्जनाला हे दोन्ही जग एका काठावर येतात, कारण विसर्जनाची २२ नैसर्गिक ठिकाणं म्हणजे बहुतांशी जुन्या गावांचे तलाव आणि खाडीकिनारे. महापालिकेने मुख्य तलावांत जाळीत भरलेल्या दगडांची भिंत घालून विसर्जनाचा भाग वेगळा काढला, म्हणजे उरलेला तलाव जिवंत राहतो. शिवाय शंभरावर कृत्रिम तलाव. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचे आदेश दिले तेव्हा इतर शहरांत धावपळ उडाली. इथे सवय होती. ऐरोलीतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात होणारी 'जागर' व्याख्यानं हा आणखी एक उपक्रम मनापासून जपण्याजोगा. तिथलं ग्रंथालय परीक्षांच्या दिवसांत वस्त्यांतल्या मुलांनी भरलेलं असतं.

राहिला हद्दीचा विषय. कल्याण-शीळच्या बाजूची दहिसर, नावाळी, भंडार्ली, उत्तरशिव, गोठेघर, बाळे वगैरे १४ गावं सुरुवातीला याच महापालिकेत होती. कर वाढेल या भीतीने तिथल्या लोकांनी आंदोलन केलं आणि २००७ मध्ये ती वगळली गेली. मधल्या काळात तिथे गोदामं आणि बेकायदा इमारती वाढल्या, ठाण्याचा कचराही काही काळ भंडार्लीत आला, आणि त्याच गावांतून परत घ्या अशी मागणी सुरू झाली. २०२२ मध्ये निर्णय झाला, २०२४ मध्ये ती पुन्हा हद्दीत आली. पारसिक डोंगराच्या पलीकडे असलेल्या या गावांना रस्ता, पाणी, शाळा द्यायला येणारा खर्च शहराने का सोसावा, असा प्रश्न इथले काही नेते विचारतात. खर्च मोठा आहे हे खरं. पण सिडकोच्या काळात गावांना वगळून सेक्टर सजवल्याची किंमत हे शहर अजून मोजतं आहे.

२०२० नंतरच्या या निर्णयांच्या काळात महापालिकेत लोकप्रतिनिधी नव्हते. २०२० ची निवडणूक करोनामुळे पुढे गेली, मे महिन्यात मुदत संपली आणि साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर १११ जागांसाठी मतदान झालं. धारण तलावांतला गाळ, सिडकोकडचे भूखंड, गावठाणांतली गरजेपोटीची घरं आणि १४ गावांचा खर्च हे चारही विषय आता नव्या सभागृहापुढे आहेत.