सावित्रीचं पाणी आणि पुलाचे पाय

२ ऑगस्ट २०१६. महाड आणि पोलादपूरदरम्यान सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला. पुढे रस्ताच उरला नाही हे अंधारात कुणाला दिसलं नाही, आणि दोन एसटी थेट पाण्यात गेल्या. नंतर क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून गढूळ पात्रात त्या शोधाव्या लागल्या.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरी, १,३०० मीटरच्या वर. महाड जवळजवळ खाडीच्या पातळीला. म्हणजे घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की पाणी खाली धडकायला वेळ लागत नाही. वेग दुप्पट झाला, तर पाणी पूर्वीच्या चौसष्ट पट वजनाचा धोंडा लोटू शकतं!

पुरात पूल पडला की अभियंत्यांचा पहिला संशय जातो तो पायाखालच्या जमिनीवर. ही नदी हरिहरेश्वरपाशी समुद्राला मिळते, तिथल्या ओल्या वाळूत जरा उभे राहा. परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते आणि आपला तोल जातो. खांबाचंही तेच. समोरून आलेलं पाणी खांबाला आपटून खाली वळतं, तळाशी भोवरा होऊन घोड्याच्या नालेसारखा वेढा घालतं आणि गाळ उपसत राहतं.

हा खड्डा किती खोल जाईल? त्याचं गणित आपल्याकडे अजून ब्रिटिश अभियंते जेराल्ड लेसी यांच्या सूत्राने मांडतात; त्यांनी ते १९३०च्या सुमारास इथल्याच कालव्यांच्या अभ्यासातून बसवलं. गाळाच्या पात्रात सूत्राने येणारी खोली खांबापाशी दुप्पट धरायची, तीही पुराच्या पातळीपासून मोजून. पाया त्याच्याही खाली. कोकणात खडक लवकर लागला तर नशीब. नाहीतर काँक्रीटची पोकळ विहीर बांधायची, आतली माती उपसत राहायची, आणि ती स्वतःच्या वजनाने इंच इंच खाली उतरते.

खरी लबाडी पूर ओसरताना होते. खांबापाशी पडलेला खड्डा नदी स्वतःच वाळूने बुजवून टाकते. एप्रिलमध्ये पाहणीला गेलेल्या माणसाला तळ सपाट दिसतो, पण ती वाळू भुसभुशीत, भार न पेलणारी. यावर एक साधी युक्ती आहे. खांबाशेजारी तळात पोकळ दांडा रोवायचा आणि त्यावर चुंबक बसवलेलं जड कडं सोडायचं. तळ खचेल तसं कडं खाली घसरतं. वर पुन्हा वाळू साचली, तरी ते तिथेच गाडलेलं राहतं आणि दांड्याच्या पोकळीतून त्याची जागा कळते.