पॉवर प्ले आटतो तेव्हा

पॉवर प्ले म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. आइस हॉकीतला पॉवर प्ले त्याहून कितीतरी जुना. प्रतिस्पर्ध्याने कुणाला पाडलं किंवा स्टिकने अडवलं, की पंच त्याला 2 मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात आणि बर्फावर 5 विरुद्ध 4 असा खेळ सुरू होतो. एक माणूस जास्त आहे म्हटल्यावर गोल व्हायलाच हवा, असं प्रेक्षकाला वाटतं. पण एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मुख्य लीगमध्ये, पाच संधींत एक गोल हे बरं प्रमाण समजतात. चांगल्या संघाचेही पाचातले चार पॉवर प्ले कोरडेच जातात.

एके काळी ही संधी आजच्यापेक्षा फार मोठी होती. 1956 पर्यंत गोल झाला तरी शिक्षा संपत नसे, पूर्ण 2 मिनिटं भरावीच लागत. 5 नोव्हेंबर 1955 रोजी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा जाँ बेलिव्हो बॉस्टनविरुद्ध खेळत होता. बॉस्टनचे दोघे बाहेर बसलेले असताना त्याने 44 सेकंदांत तीन गोल मारले. त्या मॉन्ट्रियलकडे मागून डग हार्वे पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, खेळवायचा आणि पुढे मोरीस रिचर्ड असायचा. त्यांच्यापुढे दोन मिनिटं तग धरणं बाकीच्यांना झेपेना. पुढच्या हंगामापासून लीगने नियम बदलला: साध्या शिक्षेत एक गोल झाला की बसलेला खेळाडू परत मैदानात. तेव्हापासून एका शिक्षेवर एकच गोल, आणि तो हुकला की सगळंच हुकलं.

पडता काळ समजून घ्यायचा तर थोडं गणित करावं लागतं. पाचात एक गोल करणारा संघ ओळीने दहा संधी वाया घालवेल, अशी शक्यता नऊत एकदा असते. एवढ्या मोठ्या हंगामात हे प्रत्येकाच्या वाट्याला येणारच. त्यात संधीही कमी झाल्या आहेत. 2005-06 मध्ये नियम कडक झाले तेव्हा संघाला सामन्यामागे जवळपास 6 पॉवर प्ले मिळत, हल्ली 3 च्या आसपास. म्हणजे तेवढाच दुष्काळ दिनदर्शिकेवर दुप्पट लांब दिसतो, आणि पत्रकारांना प्रश्न विचारायलाही दुप्पट दिवस मिळतात. माझ्या मते पहिल्या दहा कोरड्या संधींवर प्रशिक्षकाने काहीही बदलू नये. तिथे खरी परीक्षा संयमाची असते.

पण प्रत्येक दुष्काळ नशिबाचा नसतो. 2011 चा बॉस्टन ब्रुइन्स बघा. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्या फेरीत मॉन्ट्रियलविरुद्ध त्यांना 21 पॉवर प्ले मिळाले आणि गोल शून्य. पाचात एकच्या हिशेबाने अशी वेळ शंभरात एखाद्या वेळीच यावी. पॉवर प्ले सुधारावा म्हणून फेब्रुवारीत टोरोंटोहून टोमास काबर्ले या बचावपटूला मुद्दाम आणलं होतं, त्याचाही उपयोग झाला नाही. निर्णायक सातव्या सामन्यात तर बॉस्टनचा माणूस जास्त असताना मॉन्ट्रियलच्या टोमास प्लेकानेकनेच गोल मारला. तरीही नेथन हॉर्टनने जादा वेळेत गोल करून मालिका जिंकून दिली. पॉवर प्लेवर एकही गोल न करता सात सामन्यांची मालिका जिंकणारा तो एनएचएलमधला पहिला संघ.

अशा काळात संघाचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं असतं. ब्लू लाइनवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सुरुवातीच्या निळ्या रेषेवर, पक मिळालेला बचावपटू स्टिक उचलतो, समोर बघतो, आणि मारायच्या ऐवजी शेजाऱ्याला देतो. शेजारी आणखी चांगली जागा शोधतो. कुणालाच वाईट फटका मारून संधी घालवायची नसते. समोरचे चौघे चौकोन करून निवांत उभे, कारण त्यांना जागचं हलवणारं काही घडतच नाही. मग एक पास चुकतो आणि पक पार दुसऱ्या टोकाला जातो. तो आणून पुन्हा मांडणी करायची, तर त्या दोन मिनिटांतली पंधरा-वीस सेकंदं गेलीच. भारताच्या पुरुष हॉकीत पेनल्टी कॉर्नर वाया जाताना जी चुटपुट लागते, तीच इथे. फरक इतकाच की कॉर्नर क्षणात संपतो आणि ही घालमेल दोन मिनिटं चालते.

यावर प्रशिक्षकांचा सगळ्यात जुना उतारा म्हणजे खेळ साधा करणं. सुंदर पास विसरा, पक गोलवर मारा आणि गोलरक्षकासमोर एक आडदांड माणूस उभा करा. बॉस्टनने तेच केलं. झ्देनो चारा हा 6 फूट 9 इंचांचा कर्णधार. त्याच वर्षी जानेवारीत ऑल-स्टार स्पर्धेत त्याने ताशी 105.9 मैलांचा फटका मारला होता. लीगमधला सगळ्यात जोरकस फटका ज्याच्याकडे, त्यालाच मागून काढून थेट गोलरक्षकाच्या नाकासमोर उभं केलं, का तर पक दिसूच नये. मला हा निर्णय फार आवडतो. हुकमाचं पान बाजूला ठेवायला धैर्य लागतं.

अंतिम फेरीत गंमत उलटी झाली. हंगामातला सर्वोत्तम पॉवर प्ले व्हँकुव्हरकडे होता, आणि आटला तो त्यांचाच: 33 संधींत 2 गोल. एक माणूस कमी असताना बॉस्टनच गोल करत राहिला. तिसऱ्या सामन्यात मार्शंड आणि पाये, सातव्यात बर्जरन. 15 जूनला व्हँकुव्हरमध्ये 4-0 ने जिंकून बॉस्टनने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, नेला. त्यात गोलरक्षक टिम थॉमसचा वाटा केवढा, हे सात सामन्यांत व्हँकुव्हरला मिळालेल्या अवघ्या 8 गोलांवरून कळतं.

दुसरा उतारा मांडणी बदलण्याचा. पूर्वी मागे दोन बचावपटू ठेवायची रीत होती. हळूहळू मागे एक, मध्ये तिघे आणि गोलसमोर एक अशी 1-3-1 रचना आली. 2012-13 मध्ये ॲडम ओट्स वॉशिंग्टनचा प्रशिक्षक झाला आणि गोलच्या डाव्या बाजूला बर्फावर आखलेल्या वर्तुळात अलेक्झांडर ओवेच्किन फटक्यासाठी तयार उभा राहू लागला. त्या हंगामात वॉशिंग्टनचं प्रमाण 26.8 टक्के, लीगमध्ये पहिलं. ओवेच्किनकडे पक जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला झाकायला माणूस सरकला की मधली जागा मोकळी व्हायची. आज बहुतेक सगळे संघ हेच खेळतात.

रचना सारखी असूनही प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. 2020-21 मध्ये ॲनाहाइमचं प्रमाण 8.9 टक्के होतं, 1977-78 पासूनच्या नोंदींतलं सगळ्यात कमी. दोनच वर्षांनी मॅकडेव्हिड आणि ड्रायझाइटलच्या एडमंटनने 32.4 टक्क्यांचा उच्चांक केला. त्याच एडमंटनला 2024 च्या अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या तीन सामन्यांत 10 संधी मिळाल्या आणि एकही गोल झाला नाही. तिन्ही सामने हरले, पुढचे तीन जिंकले, आणि सातवा 2-1 असा गमावला.