शेजारचं कुंपण आपल्या अंगणात आलंय? आम्हाला बोलावण्याआधी हे वाचा

जून लागला की आमचा फोन वाजायला लागतो. मे महिन्यात शहाण्यासारखी भिंतीला धरून उभी असलेली कुंपणाची कोयनेल पहिल्या दोन पावसांत हातभर पुढे सरकते, आणि तिच्यावर चढलेली मधुमालती तुमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत पोचते. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: "शेजाऱ्यांचं आहे, पण तुम्ही या आणि साफ करून टाका." हे पत्रक त्या 'पण'बद्दल आहे.

आमची कुंपणं आणि झाडं छाटणारी फर्म लहान आहे. तीन माणसं, एक टेम्पो, दोन मशिनं. काम आम्हाला हवंच असतं. पण दुसऱ्याच्या झाडावर मशीन चालवलं की भांडण तुमचं होतं आणि पोलीस ठाण्याची फेरी आमची. ती फेरी एकदा मारून झाली आहे.

कुंपण नक्की कोणाचं?

रोप जमिनीतून जिथे वर येतं ती जागा ज्याची, त्याचं ते झाड. फांद्या कुठे पसरल्या यावर मालकी ठरत नाही. खोड बरोबर हद्दीवर असेल तर दोघांचं, आणि मग दोघांच्या होकाराशिवाय त्याला हात लावू नये.

अडचण अशी की हद्द कुठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द, असं सगळे धरून चालतात. जुन्या लेआउटमध्ये कोणी भिंत अर्धा फूट आत घेतलेली असते, कोणी तारेच्या कुंपणाला लागून मेंदी लावली आणि नंतर तार गंजून गेली, मेंदी राहिली. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक क्षेत्रफळ सांगतं, पण तुमच्या अंगणात रेघ कुठून जाते ते दाखवत नाही. मंजूर लेआउटचा नकाशा आणि टेप घेऊन, शेजाऱ्यांना सोबत घेऊन, रस्त्याच्या कोपऱ्यापासून मोजलं तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

पक्की रेघ हवी असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि मग मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. पण नुसत्या कुंपणासाठी मोजणी मागवू नका, असं आमचं मत. एकदा खुणा पडल्या की तुमच्याच गाडीच्या शेडचा एक खांब पलीकडे असल्याचंही कळू शकतं.

आधी बोला, तेही झाडाखाली उभं राहून

बऱ्याच घरी शेजाऱ्यांना त्रासाची कल्पनाच नसते. त्यांच्या बाजूने कुंपण छान दाट, हिरवं दिसतं. तुमच्या बाजूला पन्हाळीत पाला अडकतो, भिंतीला ओल येते, दाट बुंध्यात उंदीर आणि उंदरांमागे साप, हे त्यांना दिसत नाही. म्हणून त्यांना आपल्या अंगणात बोलवा, चहा द्या, आणि दाखवा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून सुरुवात करू नका. चारचौघांत फोटो पडला की माणूस कुंपण राखायला लागतो.

समोर बोलणं अवघड वाटत असेल तर असा निरोप पाठवता येईल: "काका, तुमच्या कोयनेलच्या फांद्या आमच्या पन्हाळीत आल्या आहेत. पाऊस वाढायच्या आत आमच्या बाजूने छाटून घ्यायच्या म्हणतो. माणूस आमचा, पाला आम्ही उचलू. तुमच्याकडूनही वरचा शेंडा कमी करून हवा असेल तर त्याच दिवशी करून घेऊ. तुम्हाला कुठला दिवस चालेल?" यात परवानगी मागितली आहे आणि देणंघेणंही स्पष्ट आहे. पुढे कधी वाद झालाच तर हाच निरोप लेखी पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

खर्चाचं विचाराल, तर सहसा ज्याला त्रास होतो तो आपल्या बाजूचे पैसे देतो आणि वरची उंची दोघं मिळून. हा कायदा नव्हे, आम्ही पाहत आलेला व्यवहार आहे.

आपल्या हद्दीतली फांदी छाटता येते का?

येते, आणि अट जुनी आहे: फक्त हद्दीपर्यंत, आणि त्यांच्या जागेत पाय न ठेवता. लेमन विरुद्ध वेब या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १८९४ मध्ये हेच मान्य केलं, आणि आपल्याकडची न्यायालयंही याच तत्त्वाने चालत आली आहेत. मात्र छाटलेली फांदी आणि तिच्यावरचं फळ झाडाच्या मालकाचंच राहतं. फांदी तुमच्याकडे लोंबत असली तरी कैऱ्या त्यांच्या. अर्थात म्हणून फांद्यांचा ढीग भिंतीवरून त्यांच्या अंगणात फेकायचा, असं नाही. असं करणारे ग्राहक आम्हाला भेटले आहेत, आणि पुढच्या वर्षी त्या शेजाऱ्यांनी कुंपण मुद्दाम वाढवलेलंही आम्ही पाहिलं आहे.

शहरात याच्यावर आणखी एक कायदा बसतो, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात झाड म्हणजे नुसता वड-पिंपळ नव्हे. जमिनीलगतच फांद्या फुटणारी झुडपंही व्याख्येत येतात. आणि 'तोडणं' यात जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं धरलेलं आहे. झाड तुमच्या स्वतःच्या अंगणातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कोवळे शेंडे कात्रीने सारखे करण्यावरून कोणी दारात येत नाही. पण फांदी मनगटाएवढी जाड झाली की महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागाचं पत्र पाहिल्याशिवाय आमची करवत चालत नाही. "कोण बघतंय?" हा प्रश्न कृपया विचारू नका.

ग्रामपंचायत हद्दीत हा कायदा नाही, तिथे १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा पाहावा लागतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही झाडं त्याच्या यादीत आहेत. बांधावरचा आंबा 'कुंपणातला' म्हणून सुटत नाही.

परदेशातले व्हिडिओ पाहून काही जण विचारतात, कुंपणाच्या उंचीची तक्रार करता येते का? इंग्लंडमध्ये दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणाबद्दल स्थानिक कौन्सिलकडे तक्रार करण्याची सोय २००३ च्या कायद्याने केली आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. ऊन अडतं म्हणावं, तर १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार इमारतीच्या खिडकीतून वीस वर्षं निर्वेध येणाऱ्या उजेड-वाऱ्याला संरक्षण मिळू शकतं. मोकळ्या अंगणावरच्या, बागेवरच्या उन्हाला मात्र वहिवाटीने हक्क मिळत नाही. तुमचे गुलाब सावलीत गेले, हे गाऱ्हाणं खरं आहे, पण ते कायद्यापेक्षा चहावर सुटेल.

चहाही संपला आणि बोलणंही, तर वकिलाच्या नोटिशीआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. दावा दाखल करण्यापूर्वीची प्रकरणंही लोकअदालतीत घेतली जातात.

काय करू नये

मुळाशी तणनाशक, ॲसिड किंवा गरम पाणी ओतू नका. आम्हाला तसं करायला सांगितलं तर आम्ही काम सोडून निघतो. झाड मेलं की ते कोणामुळे मेलं हे शेजाऱ्यांना कळतंच, आणि औषध जमिनीत तुमच्याही बाजूला येतं.

एका बाजूनेच खोलवर कापायचा हट्टही धरू नका. हद्दीच्या रेघेवर सरळ उभी भिंत कापली तर काही कुंपणं पलीकडे कलतात. कोयनेल, डुरांटा, कामिनी, बोगनवेल यांना जून लाकडातूनही फूट येते, त्यामुळे ती जोरात मागे घेता येतात. मोरपंखीचं तसं नाही. तिचा आतला तपकिरी भाग उघडा पडला की तो तसाच राहतो, पुन्हा हिरवा होत नाही. शेजाऱ्यांची मोरपंखी असेल तर दरवर्षी थोडी थोडी घ्या. कुठलंही कुंपण खाली रुंद, वर किंचित निमुळतं ठेवलं तर बुंध्याला ऊन लागतं आणि ते खालून विरळ होत नाही. हे शेजाऱ्यांना सांगा. त्यांच्याही फायद्याचं आहे.

शेर किंवा कण्हेर असेल तर फोनवरच सांगा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं, म्हणून त्या दिवशी आमची माणसं चष्मा लावून येतात. तुमची मुलं आणि कुत्रं घरात ठेवा. कण्हेरीचा पाला जनावरांना विषारी असतो. सुबाभळीचा पाला आम्ही शेळीवाल्यांना देतो, कण्हेरीचा वेगळा बांधून नेतो आणि जाळतही नाही.

घरटं सापडलं तर

छाटणीआधी आम्ही कुंपण हाताने उघडून बघतो. बुलबुल आणि शिंपी यांची घरटी बहुधा छातीच्या उंचीवर, ऐन दाटीत असतात. अंडी किंवा पिल्लं दिसली तर तेवढा भाग सोडून बाकीचं काम करतो आणि महिन्याभराने परत येतो. बुलबुलाची पिल्लं तोवर उडून जातात. या दुसऱ्या फेरीचे पैसे घेत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी आमच्या माळीबुवांनी कात्री खाली ठेवली असती.

आम्हाला बोलावताना

शेजाऱ्यांचा होकार निरोपात किंवा चिठ्ठीत असू द्या. "ते काही म्हणणार नाहीत" हा होकार नव्हे. कुंपणाची लांबी फुटांत आणि उंची अंदाजे सांगा, दर रनिंग फुटावर ठरतो; पाला उचलायचा टेम्पो वेगळा. विजेच्या तारेला फांदी टेकली असेल तर आधी महावितरणला १९१२ वर कळवा. त्या तारेजवळ आमची ॲल्युमिनियमची शिडी लागणार नाही, कितीही आग्रह केलात तरी.

जाड फांदी कापली तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावून देतो, मोरचूद आणि चुन्याची. निळसर डाग भिंतीवर पडू शकतो, म्हणून भिंत नुकतीच रंगवली असेल तर आधी सांगा. पावसाळ्यात दुपारनंतरची वेळ घेत नाही. सकाळी आठला येतो, आणि गेट दोन्हीकडचं उघडं लागतं.