जुन्या बुलेटच्या क्लचमधील दोष आणि त्यांची तपासणी

मद्रासच्या एनफिल्ड इंडिया कंपनीने १९५५ पासून तयार केलेल्या, बिडाच्या सिलिंडरच्या ३५० सीसी बुलेट मोटरसायकलीच्या क्लचमध्ये उद्भवणारे बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे असतात: क्लच घसरणे (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पूर्ण न पोहोचणे) आणि क्लच पूर्ण न सुटणे (लिव्हर दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे न होणे). या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असून एकमेकींवर दाबून बसवलेल्या प्लेटांचा क्लच डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या साखळीच्या बंद पेटीत, तेलात फिरतो. त्याला उघडणारी दांडी मात्र उजवीकडून, गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून येऊन प्रेशर प्लेटला, म्हणजे स्प्रिंगांच्या जोरावर बाकीच्या प्लेटा दाबून धरणाऱ्या प्लेटला, बाहेर ढकलते. बहुतेक दोषांचा उगम या लांबलचक मार्गात कुठेतरी असल्यामुळे तपासणी हँडलपासून सुरू करणे श्रेयस्कर. चेनकेस सर्वांत शेवटी उघडावी.

क्लच घसरत असेल तर चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. याहून खात्रीची खूण किकमध्ये मिळते. या गाडीची किक क्लचमार्फतच इंजिन फिरवते. त्यामुळे प्लेटा घसरत असतील तर कॉम्प्रेशनचा विरोध न जाणवता पाय सरळ खाली जातो आणि पिस्टन जागचा हलत नाही. क्लच सुटत नसेल, तर पहिला गिअर मोठ्या खटक्याने पडतो, लिव्हर दाबलेला असूनही गाडी पुढे ओढते आणि उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही. बुलेटला न्यूट्रलसाठी वेगळा खटका असल्याने अनेक चालक त्यावर भागवतात आणि मूळ दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटणे मात्र स्वाभाविक आहे. सुरू करण्यापूर्वी लिव्हर दाबून एकदोन किका मारल्या की त्या सुटतात.

लिव्हरला दोनतीन मिलिमीटर मोकळी चाल, म्हणजे क्लचवर जोर येण्यापूर्वीची सैल हालचाल, असावी लागते. ती हळूहळू कशी बदलते, हे पाहणे फार उपयोगाचे ठरते. प्लेटांचे अस्तर झिजले की प्रेशर प्लेट आत सरकून दांडीवर टेकते आणि चाल कमी होते; चाल उरलीच नाही, तर दांडी सतत दाब देत राहून क्लच घसरू लागतो. उलट चाल वाढत असेल, तर क्लच वायर ताणली गेली आहे, निपलजवळ (टोकाच्या गाठीजवळ) तिचे तंतू तुटत आहेत किंवा दांडीचे टोक झिजले आहे, असे समजावे. सिग्नलला गिअरमध्ये लिव्हर दाबून थांबण्याच्या सवयीने हे टोक तापून निळे पडते आणि चेपते. केवळ वायरचा ॲडजस्टर फिरवून भागत नाही: आधी वायर सैल करावी, गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरील छोटे झाकण काढावे, आतला स्क्रू दांडीला हलकेच टेकेपर्यंत फिरवून सुमारे अर्धा आटा मागे घ्यावा, नट घट्ट करावा आणि मगच वायरची चाल ठरवावी.

एवढे करूनही दोष राहिला, तरच चेनकेसचे कव्हर काढावे. चकाकी आलेल्या किंवा झिजलेल्या प्लेटा, थकलेल्या स्प्रिंगा आणि घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे तेल ही घसरण्याची कारणे होत. स्प्रिंगांखाली वायसर घालून दाब वाढवण्याचा प्रघात घातक आहे, कारण त्याने लिव्हर जड होऊन वायर आणि दांडी दोन्ही लवकर खराब होतात. क्लच सुटत नसेल तर लिव्हर दाबून ठेवून किक हळूहळू फिरवावी आणि प्रेशर प्लेटकडे पाहावे. ती डुगडुगत फिरत असेल, तर सर्व स्प्रिंगांचा ताण सारखा नाही. पोलादी प्लेटा सपाट काचेवर ठेवल्या की वाकलेली प्लेट लगेच ओळखू येते. प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रमच्या फटींच्या कडांवर प्लेटांच्या जिभांनी खाचा पाडल्या असतील, तर प्लेटा त्यांतच अडकून बसतात. उथळ खाचा कानशीने सपाट करता येतात, खोल असतील तर ड्रम बदलावा लागतो. नव्या प्लेटा आपापल्या जागी बसताना मोकळी चाल पुन्हा कमी होते, म्हणून पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर गिअरबॉक्सवरचा स्क्रू आणि वायर दोन्ही परत जुळवावी लागतात.