८५ टक्के मिळाले म्हणून फी माफ होत नाही

‘दहावीला ७५ टक्के असतील तर १० हजार, बारावीला ८५ टक्के असतील तर २५ हजार रुपये, अर्ज नगरपालिकेत.’ कलाम आणि वाजपेयी यांच्या नावाने फिरणारा हा मेसेज खोटा आहे. अशी कोणतीही सरकारी योजना नाही. तरी निकाल लागला, निवडणूक आली की तो पुन्हा हजर. मुलं मार्कशीटची झेरॉक्स घेऊन खिडकीशी उभी राहतात आणि परत फिरतात, याचं फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रात मुलींसाठी खरी फी माफी आहे, आणि ती टक्क्यांवर ठरत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा यात येत नाही, खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठही नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळाच. प्रचारात ‘मुलींचं शिक्षण मोफत’ एवढंच ऐकू येतं, नेमकं हेच गाळलं जातं.

गुणांवर मिळणारी केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे: बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीला वर्षाला १२ हजार. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, बोर्डातल्या किती टक्के मुलांच्या तुम्ही पुढे आहात ते; इथेच बरेच जण फसतात.

दोन्हीकडे उत्पन्नाची अट आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.