पार्श्वभूमी : एकाच घराण्यातली विमानं

यंदा चवथीला घर माणसांनी भरलं होतं. गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीच्या एका कडेला बसून माझा भाचा मोबाइलवर विमानाचा गेम खेळत होता. वरून किड्यांच्या झुंडी उतरतात, खालून आपलं विमान गोळ्या झाडतं. मी बघताक्षणी म्हटलं, "अरे, ही तर गॅलागा!" त्याने हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पण किडे बाजूने गिरकी घेत आत येतात आणि मग एकेक करून रांगेत आपली जागा धरतात, ही चाल थेट १९८१ ची आहे. ती कुठून आली, हे त्याला सांगायला बसलो. तेच इथे जरा नीट मांडतो.

मूळ फार मागे जातं. गोवा मुक्त झाला त्याच हिवाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा अंतराळयानांच्या लढाईचा खेळ रचत होते, आणि १९६२ मध्ये तो खेळता येऊ लागला. पण शत्रू वर, आपण खाली, हा आपल्या ओळखीचा साचा बसवला तो १९७८ मध्ये जपानच्या तायतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी, 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये. त्यांनी आधार घेतला होता 'ब्रेकआउट' या चेंडूने विटा फोडण्याच्या खेळाचा. विटांच्या जागी परग्रहावरचे प्राणी आले : ११ चा एक, अशा ५ रांगा, एकूण ५५. हे प्राणी मरत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने सरकतात. तो वेग मुद्दाम घातलेला नव्हता. यंत्र एका वेळी एकच प्राणी हलवू शकत होतं, त्यामुळे ५५ जणांची फेरी रेंगाळायची आणि पाचच उरले की झटकन पुरी व्हायची. निशिकादोंना ते आवडलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. शेवटचा शत्रू सुसाट धावतो, ही रीत तिथून पुढच्या कित्येक खेळांनी उचलली.

अशा उचलेगिरीला मी चोरी म्हणणार नाही. गाण्यात त्याला घराणं म्हणतात. चाल गुरूची, जागा आपल्या, आणि गुरूचं नाव आलं की हात आपसूक कानाच्या पाळीला जातो. (घराणं आणि अंतराळ हे शब्द गोव्यात एकत्र आले की केरीच्या गायिका केसरबाई केरकर आठवतातच. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवर त्यांची भैरवी आहे.)

नामको या जपानी कंपनीचं घराणं याची उत्तम साक्ष देतं. १९७९ च्या 'गॅलॅक्सियन'मध्ये शत्रू पहिल्यांदा रांग सोडून आपल्या अंगावर झेपावू लागले. दोन वर्षांनी 'गॅलागा' आली आणि तिने एक विलक्षण गोष्ट आणली. हिरवा म्होरक्या खाली उतरतो, निळसर किरणांचा पंखा उघडतो आणि आपलं विमान गरगर फिरत वर ओढलं जातं. आमच्या म्हापशाच्या घरी टीव्ही गेमवर ही कॅसेट लागली की माझा मावसभाऊ हातातलं विमान मुद्दाम त्या किरणांत नेऊन उभं करायचा. मी ओरडायचो, "दादा, अरे काय करतोस!" तो गप्प. मग तोच म्होरक्या झेप घेऊन खाली आला की त्याला अचूक टिपायचा आणि सुटलेलं विमान अलगद आपल्याला जोडून घ्यायचा. आता दोन विमानं, दुप्पट गोळ्या. नेम चुकून आपल्याच कैद झालेल्या विमानाला लागला, तर मात्र ते कायमचं गेलं. एक जीव पणाला लावून ताकद मिळवायची ही कल्पना मला आजही त्या काळातली सर्वांत धाडसी वाटते.

कानाच्या पाळीला हात लावणंही इथे जागोजागी दिसतं. १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये चेरी, स्ट्रॉबेरीसारख्या फळांच्या ओळीत मध्येच गॅलॅक्सियनचं सरदार-विमान खायला मिळतं. गॅलागातही ते पाहुणं म्हणून येतं. 'रॅली-एक्स' या गाड्यांच्या खेळातला झेंडा पुढे 'झेव्हियस'मध्ये जमिनीत लपवलेला सापडतो आणि एक जीव देऊन जातो. प्लेस्टेशनवर 'रिज रेसर' सुरू होईपर्यंत गॅलॅक्सियन खेळता यायचा, 'टेकन'च्या वेळी गॅलागा.

'चिकन इन्व्हेडर्स' आपल्याकडे सायबर कॅफेत खूप चालला. १९९९ चा हा खेळ तर आपलं कूळ नावातच सांगतो. प्राण्यांच्या जागी कोंबड्या, बॉम्बच्या जागी अंडी.

कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीचं घराणं वेगळं. तिथे पडदा आडवा सरकतो. १९८१ चा 'स्क्रॅम्बल', त्यातून १९८५ चा 'ग्रेडियस', पुढे 'सॅलॅमँडर', आणि १९८८ मध्ये स्वतःच्याच खेळाची थट्टा करणारा 'पॅरोडियस'. ग्रेडियसमध्ये हाताला आलेल्या कॅप्सूल साठवायच्या आणि कोणतं हत्यार घ्यायचं ते आपण ठरवायचं. यातली गंमत आपल्या घराघरांत पोचली ती मात्र वेगळ्याच वाटेने. १९८६ मध्ये हा खेळ निन्टेन्डोच्या यंत्रासाठी तयार करताना काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणीपुरताही तो जड जात होता, म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम घातला : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए. क्रम दाबला की जवळजवळ सगळी हत्यारं एकदम हातात. हाच क्रम पुढे 'कॉन्ट्रा'मध्ये ३० जीव देऊ लागला. आमच्याकडे तो कालनिर्णयच्या एका पानामागे पेन्सिलीने लिहिलेला होता आणि महिना उलटला तरी ते पान कुणी फाडू देत नसे. त्याचा जन्म एका विमानाच्या खेळात झाला, हे मला फार उशिरा कळलं. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये वारले.

सुपर निन्टेन्डोवरच्या 'ग्रेडियस ३'मध्ये खेळ थांबवून हा जुना क्रम जसाच्या तसा दाबला, तर आपलंच विमान फुटतं. तिथे डाव्या-उजव्याच्या जागी एल आणि आर ही बटणं दाबावी लागतात.