विमानाचा इतिहास मागवताना आधी सिरीयल नंबर बघा

"क्यूजे-के या स्पिटफायरचा पूर्ण इतिहास आणि डेकलचा संच हवा आहे. किती दिवसांत मिळेल?" अशा चौकश्या आमच्याकडे सतत येतात. स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, आणि डेकल म्हणजे त्याच्या मॉडेलवर चिकटवायची अक्षरं आणि खुणा. त्यावर आम्ही उलट तीन-चार प्रश्न विचारतो, तेव्हा काही ग्राहकांना वाटतं की आम्ही टाळाटाळ करतोय. तसं अजिबात नाही. नुसत्या अक्षरांवरून शोध सुरू केला तर बहुतेक वेळा तो चुकीच्या विमानापाशी जाऊन थांबतो. त्यात तुमचे पैसे जातात, आमचे आठवडे जातात. म्हणून हे पत्रक.

धडावरच्या राउंडेलच्या (गोल रंगीत खुणेच्या) एका बाजूची दोन अक्षरं स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकडीची, आणि दुसऱ्या बाजूचं एकटं अक्षर विमानाचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घोटाळा होतो तो त्या एकट्या अक्षरापाशी. ते विमानाला कायमचं मिळालेलं नसे. 'के' पडलं किंवा दुरुस्तीला गेलं की बदली आलेल्या विमानावर 'के' रंगवायचे. १९४० च्या उन्हाळ्यात तर एकाच महिन्यात दोन वेगळ्या विमानांवर तेच अक्षर सापडतं. शाळेतल्या हजेरी क्रमांकासारखंच आहे हे. वर्ग बदलला की मुलाचा क्रमांक बदलतो आणि मुलगा शाळा सोडून गेला की त्याचा क्रमांक दुसऱ्याला मिळतो. सिरीयल नंबर हा जन्मदाखला. तो कारखान्यातून निघताना मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत बदलत नाही.

स्क्वाड्रनच्या दोन अक्षरांवरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. क्यूजे ही अक्षरं १९४० मध्ये ९२ आणि ६१६ या दोन्ही स्क्वाड्रनची स्पिटफायर्स लावत होती. नुसतं 'क्यूजे-के' कळवलंत तर आम्ही कुठल्या स्क्वाड्रनच्या नोंदवह्या उघडायच्या? शिवाय सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जुनी अक्षरं बदलली. १९ स्क्वाड्रन आधी डब्ल्यूझेड होती, ती क्यूव्ही झाली. फोटो कधीचा आहे हे माहीत नसेल तर अक्षरांचा अर्थच लागत नाही.

पी ७३५० या स्पिटफायरचं उदाहरण घ्या. १९४० मध्ये कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातून निघालेलं हे विमान थोड्या महिन्यांत २६६, ६०३, ६१६ आणि ६४ अशा चार स्क्वाड्रनमध्ये फिरलं. प्रत्येक ठिकाणी आधीची अक्षरं पुसून नवी रंगवली गेली. पी ७३५० तेवढं कायम राहिलं. हे विमान आज ब्रिटनच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या जुनी विमानं उडवणाऱ्या हवाई दलाच्या तुकडीत आहे आणि तिथे दर काही वर्षांनी त्याला वेगवेगळ्या विमानांची रंगरंगोटी देतात. हवाई कसरतींच्या कार्यक्रमात काढलेला फोटो पाठवून "याच विमानाचा इतिहास हवा" असं कुणी लिहिलं, तर धडावरची अक्षरं एका विमानाची आणि नंबर दुसऱ्याचा, अशी गत होते. तुम्हाला दोघांपैकी कोण हवंय ते कृपया स्पष्ट लिहा.

दुसरं उदाहरण आमच्या फार जिव्हाळ्याचं आहे. आर ४११८ हे हरिकेन, म्हणजे त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान. ६०५ स्क्वाड्रनमध्ये यूपी-डब्ल्यू म्हणून बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे १९४० मध्ये ब्रिटनवर झालेल्या हवाई लढाईत, त्याने ४९ उड्डाणं केली. डिसेंबर १९४३ मध्ये ते प्रशिक्षणासाठी भारतात पाठवलं गेलं आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर पडून राहिलं. तिथून ते ब्रिटनला परत नेलं आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा उडालं. वाराणसीतल्या त्या सांगाड्याचा उपयोग काय होता? नंबर होता, म्हणून नोंदी जुळल्या. ज्या वैमानिकांनी ते उडवलं त्यांची नावं, तारखा, वेळा सगळं त्या एका नंबराला बांधलेलं होतं.

जर्मन विमानांनाही हेच लागू आहे. आफ्रिकेत लढलेल्या हान्स-योआखिम मार्साय या वैमानिकाचं 'पिवळं १४' पुष्कळ जण मागवतात. मात्र त्याने एकामागून एक वापरलेल्या कितीतरी मेसरश्मिट १०९ विमानांवर पिवळाच १४ होता. वेर्कनंबर (जर्मन कारखान्याचा क्रमांक) ८६७३ हे त्यातलं एक. शेपटाच्या सुकाणूवर विजयाच्या खुणा किती, हे प्रत्येक विमानावर निराळं. अमेरिकी विमानांचं काम त्या मानाने सोपं, कारण शेपटावर नंबर मोठा लिहिलेला असतो. ४४-१३४१० हे मस्टँग शेपटावर ४१३४१० असं दिसतं, म्हणजे वर्षाचा पहिला आकडा गाळलेला असतो. तो आम्ही जोडून घेतो.

फोटोत नंबर शोधायचा कुठे?

ब्रिटिश लढाऊ विमानावर धडाच्या मागच्या टोकाकडे, शेपटाच्या आडव्या पंखाच्या जरा पुढे, साधारण आठ इंच उंचीच्या काळ्या आकड्यांत. नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस शेपटाआधी अठरा इंची फिकट 'स्काय' पट्टा मारायचा हुकूम निघाला आणि घाईत पुष्कळ विमानांचे नंबर त्या पट्ट्याखाली गेले. काही रंगाऱ्यांनी मात्र नंबराभोवती चौकोन सोडून पट्टा मारला. मूळ गडद रंगाचा तो छोटा चौकोन फोटोत दिसला की आम्हाला फार आनंद होतो. कित्येक वेळा ग्राहकाला तो डाग वाटतो आणि तो फोटो 'साफ' करून पाठवतो. असं कृपया करू नका.

फोटो कापून पाठवणं त्याहून वाईट. एका ग्राहकाने आजोबांचा फोटो पाठवला होता. आजोबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर फिटर होते. फोटोत त्यांचा हसरा चेहरा आणि मागे हरिकेनच्या धडावरचं 'जे' एवढंच. तिकडच्या हरिकेन्सवर पुष्कळदा स्क्वाड्रनची अक्षरं नसत, एकटंच अक्षर असे. आम्ही तीन आठवडे नोंदी चाळल्या, हाती काही लागलं नाही. शेवटी मूळ फोटो मागवला. तो रुंदीला दुप्पट निघाला. आजोबांच्या कोपराआड नंबराचं पहिलं अक्षर आणि शेवटचे दोन आकडे होते, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने महिना लिहिलेला होता. पुढचं काम दोन दिवसांत झालं. चेहरा मोठा दिसावा म्हणून घरच्यांनी प्रेमाने फोटो कापला होता, यात त्यांची काही चूक नव्हती. पण आमचं सारं काम त्या कापलेल्या भागात होतं.

त्याच फोटोबद्दल "राउंडेलमध्ये लाल का नाही?" असंही त्यांनी विचारलं होतं. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तिकडे मधला लाल रंग काढला होता. गडद निळं आणि फिकट निळं एवढंच उरलं.

नंबर दिसतच नसेल तर तारीख बांधावी लागते आणि तिथे रंगरंगोटी मदतीला येते. पोटाकडून अर्धं काळं, अर्धं पांढरं विमान दिसलं तर ते बहुधा जून १९४० च्या आधीचं. वरून हिरवा आणि करडा रंग असेल तर ऑगस्ट १९४१ नंतरचं. धडावरच्या राउंडेलचं पिवळं कडं बारीक झालेलं दिसलं तर १९४२ च्या मध्यानंतरचं. पंखांवर आणि धडावर पांढरे-काळे पाच पट्टे असतील तर जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यापासून पुढचं, आणि जुलैपासून वरच्या बाजूचे पट्टे काढायला सुरुवात झाली. हुकूम निघाला त्याच दिवशी सगळी विमानं रंगली असं मात्र समजू नका. जुन्या रंगातली विमानं पुढे कित्येक आठवडे उडत होती. वृत्तपत्राच्या फोटोमागे छापलेली तारीख प्रसिद्धीची असते, काढल्याची नव्हे. आणि त्यावरची स्क्वाड्रनची अक्षरं सेन्सॉरने खरवडलेली असू शकतात.

कृष्णधवल फोटोवरून रंग सांगा असाही आग्रह होतो. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी. तिच्यात पिवळं कडं जवळजवळ काळं दिसतं आणि निळा रंग फिका पडतो. मघाशी सांगितलेलं ४४-१३४१० हे मस्टँग म्हणजे प्रसिद्ध 'लू ४'. त्याचे रंगीत फोटो उपलब्ध असूनही त्याची पाठ निळी की हिरवी यावर अभ्यासकांचा वाद आहे. तेव्हा कृष्णधवल फोटोवरून आम्ही छातीठोकपणे रंग सांगत नाही आणि सांगणारही नाही.

आम्ही काय तपासतो?

ब्रिटिश विमानासाठी फॉर्म ७८ हे हालचालींचं कार्ड. कुठल्या युनिटला कधी गेलं, कधी दुरुस्तीला, कधी बाद. त्यात 'एफए' म्हणजे उड्डाणातला अपघात, 'एफबी' म्हणजे लढाईत झालेलं नुकसान. मग स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकमधला फॉर्म ५४१. कोण, कुठलं विमान घेऊन, किती वाजता उडालं आणि कधी उतरलं, हे त्यात असतं. या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २७' या वर्गात आहेत. टंकलेखकाच्या हातून पी चा आर झालेला आम्ही अनेकदा पाहिलाय, म्हणून एका कागदावर आम्ही थांबत नाही. कार्ड, नोंदवही आणि वैमानिकाचं लॉगबुक यांतल्या निदान दोन ठिकाणी मेळ बसला तरच अहवालात ठाम विधान करतो.

आम्ही काढलेल्या विमानाच्या चित्रात प्रत्येक खुणेपुढे तीनपैकी एक शेरा असतो: 'कागदावर आहे', 'फोटोत दिसतं', 'आमचा अंदाज'. अंदाजाचे शेरे पाहून काही ग्राहक नाराज होतात. तयार डेकलवर असे शेरे नसतात, हे खरं. पण दोन वर्षांनी नवा फोटो सापडला तर मॉडेलवरचं नेमकं काय बदलायचं हे तुम्हाला या शेऱ्यांवरूनच कळेल, आणि ती सुधारित डेकल आम्ही जुन्या ग्राहकांना वेगळं शुल्क न घेता देतो. शोध अपुरा राहिला तरी शोधाचं शुल्क परत करत नाही, कारण तास तर खर्च झालेले असतात. तपासलेल्या प्रत्येक कागदाचा तपशील तुम्हाला मिळतो, म्हणजे पुढे कुणालाही तेच काम पुन्हा करावं लागणार नाही.

चौकशी पाठवताना फोटो पूर्ण, न कापता, दोन्ही बाजू स्कॅन करून ई-मेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर तो आकसतो आणि नंबराची रेघ आधी जाते. अल्बमच्या पानाला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. वैमानिकाचं किंवा तंत्रज्ञाचं नाव, युनिट आणि घरात ऐकलेली ठिकाणं जशी आठवतात तशी लिहा. स्पेलिंगची काळजी नको, ते आम्ही जुळवतो. नंबर अर्धाच वाचता येत असेल तर जेवढा दिसतो तेवढाच कळवा, उरलेला मनाने भरू नका. फोटो पाहून शोध शक्य आहे की नाही हे आम्ही आठवड्याच्या आत विनामूल्य कळवतो. त्यानंतरच काम हाती घेतो.